'तो काळच तसा होता' : एक उलटतपासणी



जुन्या जाहिरातींना हल्ली मोठा भाव आला आहे. शहरांतील उपाहारगृहांच्या भिंतींवर त्या चौकटीत बसवून टांगलेल्या दिसतात. जुन्या बाजारात साबणाच्या आणि चहाच्या पत्र्याच्या पाट्या नव्या मालापेक्षा महाग विकल्या जातात. आणि हातातल्या मोबाईलवर तर अशा चित्रांचा रोज नवा हप्ता येतो. पांढरा अंगरखा घातलेला डॉक्टर सिगारेटची शिफारस करीत आहे, काळ्या मुलाला साबणाने धुऊन गोरे करण्यात येत आहे. आपण पाहतो, हसतो आणि पुढे जातो. क्वचित एखाद्याला संताप येतो. मग दुसरा त्याची समजूत घालतो, "अहो, तो काळच तसा होता."

हा उद्गार मला मान्य नाही. माझा व्यवसाय वकिलीचा आहे, आणि वीस वर्षांत हा बचाव मी इतक्या निरनिराळ्या तोंडांतून ऐकला आहे की तो कानी पडताच उलटतपासणीला उभे राहण्याची सवयच जडली आहे. गावची वहिवाटच तशी होती. त्या वेळी सगळेच तसे करीत. कोणाची तक्रार नव्हती. तक्रार नव्हती, की तक्रार ऐकणारा नव्हता, हा माझा पहिला प्रश्न असतो. आणि कोणाची तक्रार नव्हती तर ती गोष्ट बंद कशी झाली, हा दुसरा. जुन्या जाहिरातींना हे दोन प्रश्न विचारून पाहा. मग त्या निव्वळ करमणुकीची वस्तू राहत नाहीत. त्या साक्षीला उभ्या राहतात.

साक्ष कशाची, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मालाच्या गुणांविषयी जाहिरातीची साक्ष कवडीमोलाची असते. तो तर तिचा धंदाच आहे. परंतु खोटा साक्षीदारही बोलण्याच्या ओघात एखादी खरी गोष्ट सांगून जातो, हे कोर्टकचेऱ्यांचा अनुभव असलेल्या कोणालाही सांगावयास नको. जाहिरात पैसे मोजून छापावी लागते. ती छापणारा वाचकाला दुखवू इच्छीत नाही. त्याला खूश करूनच माल खपवावयाचा असतो. म्हणून, कोणत्या गोष्टी वाचकाच्या तोंडावर बिनदिक्कत बोलता येतात आणि कोणाचा अपमान केला असता गिऱ्हाईक तुटत नाही, ह्याचा पक्का हिशेब प्रत्येक जाहिरातीत असतो. इतिहासाच्या ग्रंथांत ही कबुली सहजासहजी सापडत नाही. जाहिरातीत ती ठळक अक्षरांत छापलेली असते.

आता साबणाचेच उदाहरण घेऊ. लंडनच्या पेअर्स कंपनीचा पारदर्शक साबण १८०७ पासून विकला जात होता. त्याला घरोघरी पोहोचविले ते टॉमस बॅरॅट ह्या गृहस्थाने. आधुनिक जाहिरातशास्त्राचा जनक म्हणून इंग्लंडात त्याचा गौरव होतो. जॉन मिले ह्या नामांकित चित्रकाराचे, फुगे उडविणाऱ्या गोंडस बालकाचे चित्र त्याने विकत घेतले आणि त्यात साबणाची वडी रंगवून घेतली. ती जाहिरात आजही कौतुकाने छापली जाते. पण त्याच कंपनीची १८८० नंतरच्या दशकातील दुसरी एक जाहिरात कौतुकाने छापण्याची आज कोणाची छाती होणार नाही. तिच्यात दोन चित्रे आहेत. पहिल्यात एक काळा मुलगा टबात बसला आहे आणि गोरा मुलगा त्याला साबणाची वडी दाखवीत आहे. दुसऱ्यात काळा मुलगा टबाबाहेर आला आहे. त्याचे सर्वांग गोरे झाले आहे, चेहरा मात्र काळाच राहिला आहे, आणि गोरा मुलगा त्याच्यासमोर आरसा धरून उभा आहे.

हे चित्र नीट पाहा. त्वचेचा रंग म्हणजे मळ, हे विधान त्यात कोठेही लिहिलेले नाही. लिहिण्याची गरजच नव्हती, कारण वाचकाने ते आधीच गृहीत धरलेले होते. आणि चेहरा काळा ठेवण्यातली मेख पाहा: धुतला गेला तरी हा कोण आहे ते ओळखू आले पाहिजे! उपकार व्हावेत, पण बरोबरी होऊ नये. आपल्यापैकी ज्यांनी 'शिकला, पण शेवटी जातीवर गेला' हे वाक्य आयुष्यात एकदा तरी ऐकले आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगण्यासाठी इंग्रजी इतिहासाच्या प्राध्यापकाची आवश्यकता नाही.

१८९९ साली ह्याच कंपनीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत किपलिंगची 'गोऱ्या माणसाचे ओझे' ही कविता प्रसिद्ध झाली होती. अमेरिकेने फिलिपाइन्स बेटे स्पेनकडून दोन कोटी डॉलरांना नुकतीच घेतली होती, आणि ती बेटे ताब्यात ठेवण्यासाठी तेथील जनतेशीच युद्ध सुरू केले होते. पेअर्सच्या जाहिरातीत मनिलाच्या लढाईचा विजेता ॲडमिरल ड्यूई आगबोटीच्या खोलीत हात धुताना दाखविला आहे. कोपऱ्यात एक गोरा माणूस गुडघे टेकलेल्या एतद्देशीयाच्या हाती साबण देत आहे. गोऱ्या माणसाचे ओझे हलके करण्याची पहिली पायरी म्हणजे स्वच्छतेची शिकवण, असा मजकुराचा भावार्थ. ब्रिटनच्या साबण-उद्योगाला लागणारे पामतेल पश्चिम आफ्रिकेतून येत असे. तेल काढणारे हात काळे, आणि त्याच हातांना स्वच्छता शिकविण्याचे पुण्य मात्र साबण विकणाऱ्याच्या पदरात!

तेव्हा 'काळच तसा' होता काय? मुळीच नाही. फिलिपाइन्स गिळंकृत करण्याच्या विरोधात बोस्टन शहरी १८९८ सालीच साम्राज्यविरोधी संघ स्थापन झाला होता, आणि मार्क ट्वेनसारखा लोकप्रिय लेखक पुढे त्याचा उपाध्यक्ष होता. स्वतः फिलिपिनो लोक तर हातात बंदुका घेऊन आपले म्हणणे मांडीत होते. म्हणजे काळाला दोन तोंडे होती. त्यांपैकी एकाजवळ मासिकाचे संपूर्ण पान विकत घेण्याइतके पैसे होते, एवढाच काय तो फरक.

हा पैशाचा मुद्दा आला आहे म्हणून जाता जाता एक आठवण देतो. जाहिरातींचे जुने पान वाचताना त्यावर काय नाही, तेही पाहावे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापावी, एवढीच विनंती 'केसरी'कडे केली असता ती नाकारण्यात आली. बाबासाहेबांनी स्वतःच हे नमूद करून ठेवले आहे. पुण्यामुंबईच्या त्या वर्षींच्या वर्तमानपत्रांतील तेलांच्या, औषधांच्या आणि नाटकांच्या जाहिराती आज संग्राहक आवडीने जमवितात. त्या संग्रहात जी जाहिरात कधीच सापडणार नाही, ती मला त्या सर्वांहून अधिक बोलकी वाटते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. असल्या जाहिराती बंद कशा झाल्या? लोक हळूहळू सुधारले, असे उत्तर सहसा मिळते. कागदपत्रे मात्र निराळेच सांगतात.

कायद्याच्या पहिल्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थी जो एक खटला शिकतो, तो जाहिरातीचाच आहे. इंग्लंडात इन्फ्लुएन्झाची मोठी साथ चालू होती. १८९१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या 'पॉल मॉल गॅझेट' ह्या पत्रात कार्बोलिक स्मोक बॉल नावाच्या वस्तूची जाहिरात आली. रबराचा चेंडू, त्याला नळी, आत कार्बोलिक ॲसिडची पूड. नळी नाकाशी धरून वास घ्यावयाचा. हा चेंडू सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा होईल त्याला १०० पौंड देऊ, आणि आमच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून अलायन्स बँकेत १००० पौंड ठेवले आहेत, असे कंपनीने छापले. लुइझा एलिझाबेथ कार्लिल ह्या बाईंनी दहा शिलिंगांना चेंडू घेतला, जानेवारीपर्यंत नेमाने वापरला, आणि १७ जानेवारी १८९२ रोजी त्यांना इन्फ्लुएन्झाने गाठले. त्यांनी १०० पौंड मागितले. कंपनीने ते दिले नाहीत.

कंपनीचा बचाव काय होता, ते विशेष लक्षात घ्या. ही केवळ जाहिरातबाजी होती. असली भाषा कोणी शब्दशः घेत नसतो. जाहिरातीत असे लिहितातच! म्हणजे पुन्हा तेच: काळ तसा, चाल तशी. हा बचाव मांडणारे वकीलही साधेसुधे नव्हते. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ होते. तरी कंपनी हरली, आणि डिसेंबर १८९२ मध्ये अपील कोर्टातही हरली. जगाला उद्देशून दिलेले वचन ज्याने अटी पुऱ्या केल्या त्याच्यापुरते बंधनकारक होते, असा निर्णय झाला. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या आठव्या कलमातही हेच तत्त्व आहे. मात्र त्यानंतरची हकीकत वर्गात क्वचितच सांगतात. हरलेल्या कंपनीने लगेच नवी जाहिरात दिली: हजारो चेंडू विकले गेले, पैकी केवळ तिघांनी बक्षीस मागितले, आता आम्ही बक्षीस २०० पौंड करीत आहोत! अटी अर्थातच आधीपेक्षा कडक. निर्लज्जपणाला न्यायालय आळा घालू शकते, त्याचे निर्मूलन करू शकत नाही, हे मी त्या दुसऱ्या जाहिरातीवरून शिकलो.

सिगारेटची कथा अधिक गंभीर आहे. अमेरिकेत १९४६ पासून काही वर्षे कॅमल सिगारेटची जाहिरात चालली, की इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा डॉक्टर मंडळी कॅमल अधिक ओढतात. आधाराला आकडाही होता: १,१३,५९७ डॉक्टरांची पाहणी. पुढे संशोधकांनी दाखवून दिले, की वैद्यकीय अधिवेशनांत डॉक्टरांना आधी कॅमलची पाकिटे फुकट वाटावयाची आणि मग आपण कोणती सिगारेट ओढता असे विचारावयाचे, अशी ती पाहणी होती. आज आपण त्या चित्रातल्या डॉक्टरला हसतो आणि म्हणतो, त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते. पण धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखविणारे मोठे निबंध १९५० साली अमेरिकेत आणि इंग्लंडात प्रसिद्ध झाले होते. त्यांतला अमेरिकेतील निबंध ज्या नियतकालिकात आला, ते त्या देशाच्या वैद्यक संघटनेचे मुखपत्र १९५३ पर्यंत सिगारेटच्या जाहिराती घेत होते! रोगाची वार्ता आणि रोगाची जाहिरात एकाच नियतकालिकात. त्यानंतर १९६४ साली सरकारी अहवाल आला. २ जानेवारी १९७१ पासून रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर बंदी आली. आपल्याकडे सर्वांगीण बंदीसाठी २००३ चा कायदा व्हावा लागला. ह्या मधल्या वर्षांत जे मेले ते 'काळामुळे' मेले, असे कोणी म्हणेल काय?

आता आपल्या घराजवळ येऊ. जाहिरातीची एक जात अशी आहे, की ती आधी रोग निर्माण करते आणि मग औषध विकते. अमेरिकेत लिस्टरिन नावाच्या जंतुनाशक पाण्याने १९२० नंतर हा मार्ग धरला. तोंडाच्या वासाला एक भारदस्त वैद्यकीय नाव दिले आणि चित्रात एक खिन्न तरुणी दाखविली. मैत्रिणींची लग्ने होत आहेत, हिचे जुळत नाही, आणि कारण हिला कोणी सांगत नाही. माल खूप खपला. हेच पाणी सर्दी आणि घसादुखी टाळते, असाही दावा पन्नासएक वर्षे चालू होता. शेवटी १९७५ साली तेथील व्यापार आयोगाने आज्ञा केली, की यापुढे एक कोटी डॉलरांच्या जाहिराती होईपर्यंत प्रत्येक जाहिरातीत, ह्या पाण्याने सर्दी टळत नाही व ती सौम्यही होत नाही, असे कंपनीने स्वतःच छापावे. वरिष्ठ न्यायालयाने ती आज्ञा १९७७ साली मुख्यतः कायम केली.

त्याच १९७५ साली भारतात 'फेअर अँड लव्हली' हे मलम बाजारात आले. लिस्टरिनची ती खिन्न तरुणी येथे सावळी झाली. लग्न जुळत नाही, नोकरी मिळत नाही; मलम लावले, रंग उजळला, सर्व मिळाले. एका जाहिरातीत तर तुटपुंज्या मिळकतीचा बाप, आपल्याला मुलगा असता तर बरे झाले असते, असे मुलीच्या देखत म्हणतो. मुलगी मलम लावते आणि विमानात नोकरी मिळवून घर सावरते. पेअर्सच्या टबातला मुलगा आठवून पाहा. शंभर वर्षे लोटली होती, देश स्वतंत्र झाला होता, संविधान आले होते. टब तेवढा जाऊन डबी आली होती. पेअर्स आणि हे मलम आज एकाच कंपनीच्या मालकीचे आहेत, हाही योगायोग नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

माता-भगिनींनो, ह्या बाबतीत आपल्या घरांतही काही बोलले पाहिजे. माणसाची योग्यता जन्मावर ठरत नाही हे आपण मान्य केले, त्यासाठी फार मोठी किंमत मोजली. त्वचेचा रंग हा तर जन्माचाच भाग आहे. तरी मुलगी पाहावयास गेलेली मंडळी परत येताना रस्त्यात पहिला शब्द कोणता बोलतात? 'उजळ आहे' किंवा 'जरा दबलेला रंग आहे'. रविवारच्या वर्तमानपत्रातील विवाहविषयक जाहिराती काढा. पोटजात, पगार, उंची आणि 'गोरी' हे शब्द आजही छापले जातात, आणि त्यांत आपल्या समाजाचे रकाने अपवाद नाहीत. पन्नास वर्षांनी हे पान कोणी चौकटीत बसवून भिंतीवर टांगील. पाहणारा हसेल, आणि त्याच्या शेजारचा म्हणेल, "तो काळच तसा होता." तेव्हा आपण हयात नसू, पण आपली नातवंडे ते ऐकत असतील.

ह्या मलमाच्या जाहिरातींविरुद्ध अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार केली, ती राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापर्यंत नेली, आणि २००३ साली काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २०१४ साली जाहिरातदारांच्या स्वनियंत्रण मंडळाने, काळ्यासावळ्या व्यक्तीला दुःखी किंवा लग्न-नोकरीत मागे पडलेली दाखवू नये, असा नियम केला. २०२० साली अमेरिकेत काळ्या लोकांच्या न्यायासाठी प्रचंड निदर्शने झाली, आणि त्या वर्षीच्या जुलैत मलमाच्या नावातला 'फेअर' शब्द गेला. आता ते 'ग्लो अँड लव्हली' आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने एक मसुदा प्रसिद्ध केला होता: रंग उजळविण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याच्या कक्षेत आणावयाचे आणि शिक्षा वाढवावयाची. मसुदा म्हणजे कायदा नव्हे, हे वकिलाने तरी विसरू नये.

हा १९५४ चा कायदा प्रत्येक घरी माहीत असावा असा आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना त्याने मनाई केली आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग व अवस्था दिल्या आहेत: कर्करोग, मधुमेह, कोड, अपस्मार, पक्षाघात, लठ्ठपणा, स्त्रियांचे वंध्यत्व, इतकेच काय, माणसाची उंचीसुद्धा. त्यांवर हमखास उपाय म्हणून औषधाची जाहिरात करणे हाच गुन्हा; पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत, पुढच्या वेळी वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गतवर्षी माझ्याकडे एक पक्षकार दुसऱ्याच कामासाठी आले होते. बोलता बोलता त्यांनी मुलाच्या उंचीसाठी घेतलेल्या चूर्णाची पावती दाखविली: पोलीस भरतीत दोन सेंटिमीटर कमी पडले म्हणून चार महिन्यांचा 'कोर्स', किंमत त्यांच्या जवळजवळ एका महिन्याच्या पगाराएवढी. उंची वाढली नाही. "आमचेच चुकले, साहेब," असे ते म्हणत होते. चूक त्यांची नव्हती. ज्या जाहिरातीला ते भुलले ती छापणेच बेकायदेशीर होते, आणि हे त्यांना सांगणारे तोवर कोणी भेटले नव्हते.

ह्या कायद्याविरुद्ध औषधविक्रेते सर्वोच्च न्यायालयात गेले होते. जाहिरात हे भाषणस्वातंत्र्य आहे, असे त्यांचे म्हणणे. १९५९ साली हमदर्द दवाखाना खटल्यात न्यायालयाने कायद्याचा काही भाग रद्द केला. परंतु मनाई केलेल्या औषधांची जाहिरात हा व्यापार आहे, विचारांचा प्रसार नव्हे, असे सांगून मूळ उद्देश उचलून धरला. पुढे १९९५ साली टाटा प्रेस खटल्यात, व्यापारी जाहिरातीलाही भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, कारण माहिती मिळणे हा ग्राहकाचाही हक्क आहे, असा निर्णय झाला. काही मित्रांना हे दोन निर्णय परस्परविरोधी वाटतात. मला तसे वाटत नाही. हक्क खऱ्या माहितीचा असेल तर फसवणुकीला त्याच हक्काचा आसरा कसा मिळणार?

'जादूटोण्याचे उपाय' म्हणजे काय, ह्याची व्याख्याही त्या कायद्यात आहे, आणि तीत ताईत, मंत्र व कवच ह्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे यंत्रे विकली गेली: घरात टांगा, नोकरी लागेल, गळ्यात घाला, रोग जाईल. महाराष्ट्रात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. वर्षअखेर त्याचा कायदा झाला. ५ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका नागरिकाच्या अर्जावर निर्णय दिला, की अशा यंत्रांना अलौकिक शक्ती आहे असे सांगून ती विकणाऱ्या जाहिराती ह्या कायद्यान्वये बेकायदेशीर आहेत, आणि त्या दाखविणाऱ्या वाहिन्याही जबाबदार आहेत. देव्हाऱ्यातील जुने सामान ज्यांनी विचारपूर्वक घराबाहेर काढले, त्यांच्या घरात ते काचेच्या पडद्यामधून, हप्त्याच्या भावाने परत येऊ नये, म्हणून हा निर्णय तोंडपाठ असावा.

ही सर्व उदाहरणे पुन्हा एकदा पाहा. प्रत्येक ठिकाणी एक फिर्यादी आहे, कोठे संघटना आहे, कोठे दोन चिकाटीचे संशोधक आहेत. आपल्या गतीने चालत येऊन काळाने एकही पाटी उतरविलेली नाही.

आणि उतरविलेली पाटी नाव बदलून परत चढते, हेही दृष्टीआड करता येत नाही. तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे. म्हणून वेलची आणि पानमसाल्याची जाहिरात होते, नामवंत नट ती करतात, आणि कशाची जाहिरात चालली आहे हे लहान पोरालाही कळते. २०२४ साली पतंजली कंपनीच्या औषधांच्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयात अवमानाचे प्रकरण चालले. कंपनीने वर्तमानपत्रांत माफीनामा छापला, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले: हा माफीनामा तुमच्या जाहिरातींएवढ्या आकाराचा आहे काय? दुसऱ्या दिवशी मोठा माफीनामा आला. ऑगस्टमध्ये माफी स्वीकारून ते अवमान-प्रकरण मिटविण्यात आले. आकाराचा तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. खोटे बोलताना पूर्ण पान आणि क्षमा मागताना तळहाताएवढा चौकोन, ही तर जुनीच रीत आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. जाहिरात करणाऱ्या नटनट्यांनाही त्यातून सूट नाही. तक्रारीसाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तक्रार मराठीत करता येते, आणि त्यासाठी वकिलाची गरज नाही. हे मी माझ्या व्यवसायबंधूंची नाराजी पत्करून सांगतो.

एक व्यावहारिक सूचना मात्र करतो. मोबाईलवर फिरणाऱ्या जुन्या जाहिरातींपैकी कित्येक अलीकडे विनोदासाठी बनविलेल्या असतात, आणि खऱ्या असतात त्यांच्यावरही वर्तमानपत्राचे नाव किंवा साल सहसा नसते. असा कागद न्यायालयात उपयोगी पडत नाही. म्हणून आपल्या घरी येणाऱ्या पत्रात काही आक्षेपार्ह दिसले तर पान फाडून टाकू नका. ते कापून ठेवा, वस्तू घेतली असल्यास पावती जोडा, आणि कात्रणाच्या कडेला पत्राचे नाव, आवृत्ती, तारीख व पान शाईने लिहा. दूरचित्रवाणीवरची जाहिरात असेल तर वाहिनी आणि वेळ लिहून ठेवा. आणि हे लिहिण्याचे काम घरातील शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्या.